पार्क स्ट्रीटवरचा ढाला सूर

बँकेच्या नोकरीत बदली ही नवलाची गोष्ट नाही. आदेशाचा कागद हाती पडतो, सामानाची बांधाबांध होते आणि चार दिवसांत आपण एका अनोळखी शहरातील काउंटरमागे बसलेले असतो. समोरच्या ग्राहकाची भाषा वेगळी, बोलण्याची ढब वेगळी, सण-उत्सव वेगळे. पहिले काही महिने माणूस त्या शहरात राहत असतो, पण त्या शहराचा नसतो. पुढे केव्हातरी, बहुधा नकळत, तो तिथला होऊन जातो. हे कसे घडते, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. कधी कधी ते एखाद्या कलावंताच्या आयुष्यात मात्र सापडते.

मुंबईच्या भायखळ्यात लहानाची मोठी झालेली एक तमिळ मुलगी १९६९ साली कोलकात्यातील एका उपाहारगृहात गाण्यासाठी गेली. पुढे तेच शहर तिचे घर झाले. कांजीवरम साडी, मनगटभर बांगड्या, केसांत फुले आणि कपाळावरील ठसठशीत टिकलीत बंगाली लिपीतील 'क' हे अक्षर, अशा वेषात ती जगभर फिरली. हा 'क' कोलकात्याचा. भारतीय पॉप संगीताच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, त्या उषा उथुप यांची ही कहाणी आहे. ती एका शहराने एका परक्या आवाजाला आपले म्हणण्याची जितकी आहे, तितकीच तो आवाज नाकारला जाण्याचीही आहे.

वर्गाबाहेर ठेवलेला आवाज

उषा सामी यांचा जन्म नोव्हेंबर १९४७ मधला. वडील वैद्यनाथ सोमेश्वर सामी मुंबई पोलीस दलात अधिकारी होते. भायखळ्याच्या लव्ह लेन परिसरातील पोलीस वसाहतीत हे कुटुंब राहत असे. घरातले वळण दाक्षिणात्य, शाळा सेंट ॲग्नेस ही मिशनरी आणि शेजारपाजार अठरापगड. घरात रेडिओ अखंड चालू असे. त्यावर पाश्चात्त्य अभिजात संगीत लागे, कर्नाटक संगीत लागे, बडे गुलाम अली खाँ आणि किशोरीताई आमोणकरही ऐकू येत. कोणते संगीत आपले आणि कोणते परके, ही विभागणी त्या घरात कोणी केलीच नव्हती. औपचारिक शिक्षण न घेतलेल्या या गायिकेची खरी पाठशाळा म्हणजे हा रेडिओ होता.

शाळेने मात्र तिला संगीताच्या वर्गातून बाहेर काढले. कारण एकच, आवाज इतर मुलींमध्ये मिसळत नव्हता. समूहगानात सगळ्या मुली वरच्या पट्टीत गात असताना एकच आवाज खाली, खर्जाकडे ओढ घेई. मुलीच्या अंगात संगीत आहे हे शिक्षिकेच्या लक्षात आले होते; म्हणून तिच्या हाती टाळीची आणि तालाची छोटी वाद्ये देण्यात आली. गाऊ नकोस, पण ताल धर, असा तो समझोता होता. पुढे हजारो श्रोत्यांना एकाच वेळी टाळ्यांवर ठेका धरायला लावणाऱ्या या गायिकेची सुरुवात अशी तालापासून झाली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

आपल्याकडे स्त्रीच्या आवाजाविषयीची कल्पना फार पक्की झालेली होती. आवाज बारीक, टोकदार, तारसप्तकात सहज फिरणारा असावा, अशी चित्रपटसंगीताने कानांना सवय लावली होती. गायिकांची पट्टी साधारणपणे काळी चार, काळी पाच. त्याखाली गाणाऱ्या स्त्रीला 'पुरुषी आवाजाची' म्हणून बाजूला सारले जाई. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला गंगूबाई हनगल यांचा भारदस्त ढाला स्वर ठाऊक होता आणि तो त्यास वंद्यही होता. परंतु हलक्याफुलक्या गाण्यात तसा आवाज चालेल, ही कल्पना कोणाच्या मनास शिवलेली नव्हती.

या आवाजाला पहिले व्यासपीठ दिले ते रेडिओनेच. थोरल्या बहिणी आधीपासून गात होत्या. त्यांच्यामुळे अमीन सायानी यांच्याशी ओळख झाली आणि वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी रेडिओ सिलोनवरील 'ओव्हलटीन म्युझिक अवर' या कार्यक्रमात तिला गाण्याची संधी मिळाली. तिने 'मॉकिंगबर्ड हिल' हे इंग्रजी गीत गायिले. रेडिओवर चेहरा दिसत नाही, गाणाऱ्याचे वय कळत नाही. ऐकू येतो तो केवळ आवाज. ज्या आवाजाला शाळेच्या वर्गात जागा नव्हती, त्याला ध्वनिलहरींवर जागा मिळाली.

साडी नेसलेली क्लब गायिका

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या माउंट रोडवरील 'नाइन जेम्स' या क्लबमध्ये त्या प्रथम व्यावसायिक गायिका म्हणून उभ्या राहिल्या. नाइटक्लबमधील गायिका म्हटली की झगझगीत पाश्चात्त्य पोशाख, असे समीकरण तेव्हा रूढ होते. या बाई मात्र साडी नेसून आल्या. त्यामागे काही विचारपूर्वक आखलेली योजना नव्हती. मध्यमवर्गीय दाक्षिणात्य घरातील मुलगी जे रोज नेसते, तेच नेसून ती गायला उभी राहिली. पण त्याचा परिणाम मोठा झाला. साडीतली गायिका इंग्रजी गाणे गाते म्हटल्यावर क्लबमध्ये केवळ साहेबी थाटाची मंडळीच नव्हेत, तर कुटुंबेही येऊ लागली. आई-वडील, मुले, कधी आजीसुद्धा.

मद्रास आणि मुंबईमागोमाग आले कोलकाता. तेथील पार्क स्ट्रीट हा त्या काळी देशातील पाश्चात्त्य संगीताचा राजरस्ता होता. मोकॅम्बो, मूलाँ रूज, ब्लू फॉक्स, स्काय रूम आणि ट्रिंकाज ही नावे जुन्या कोलकातावासीयांच्या ओठांवर आजही गोड आठवणींसारखी येतात. संध्याकाळ झाली की या उपाहारगृहांतून जॅझ आणि पॉपचे सूर रस्त्यावर झिरपू लागत. या वाद्यवृंदांत अँग्लो-इंडियन, नेपाळी, बंगाली आणि आपल्या गोव्याचेही कलावंत होते. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस, दार्जिलिंगचे पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांनी ब्लू फॉक्समध्ये रंगवलेल्या मैफलींचे दाखले जॅझचे जाणकार आजही देतात.

ट्रिंकाजची कुळकथा चहा आणि केकच्या दुकानापासून सुरू होते. एका स्विस व्यावसायिकाच्या नावाने चालणारी ही टी-रूम १९५९ मध्ये ओमप्रकाश पुरी आणि एलिस जोशुआ या दोघा भागीदारांनी घेतली आणि तिथे थेट संगीताची प्रथा रुजवली. १९६९ साली याच ट्रिंकाजच्या छोट्या मंचावर उषाताई उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांचे नाव उषा अय्यर असे होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या इंग्रजी ध्वनिमुद्रिकांवरही हेच नाव आढळते. याच ट्रिंकाजमध्ये त्यांची भेट मूळचे केरळचे असलेल्या जानी चाको उथुप यांच्याशी झाली. पुढे ते त्यांचे जीवनसाथी झाले. मुंबईत वाढलेली तमिळ गायिका, केरळीय पती आणि संसार कोलकात्यात, असा हा खराखुरा अखिल भारतीय मेळ जमला.

उपाहारगृहातील गाणे हे सभागृहातील गाण्याहून फार निराळे असते. सभागृहात श्रोता गाणे ऐकण्यासाठीच तिकीट काढून येतो. उपाहारगृहात तो जेवायला आलेला असतो. काटे-चमचे वाजत असतात, वाढपी मधून जात असतात, एखाद्या टेबलावर वाढदिवस असतो, तर दुसऱ्या टेबलावर व्यवहाराची बोलणी चाललेली असतात. अशा माणसाचे लक्ष वेधून घ्यायचे तर त्याच्या डोळ्यांत पाहावे लागते, त्याचे गाव विचारावे लागते, त्याच्या आवडीचे गाणे ध्यानात ठेवावे लागते. उषाताईंची संपूर्ण मंचकला या शाळेत घडली. त्यांच्या अनेक भाषांमागील रहस्यही बहुधा इथेच आहे. समोर पंजाबी कुटुंब असेल तर पंजाबी गाणे, मल्याळी असेल तर मल्याळम, आणि बंगाल्यांच्या शहरात तर बंगाली हवेच. डझनाहून अधिक भारतीय भाषांत आणि शिवाय कित्येक परदेशी भाषांत त्या गायिल्या. नैरोबीच्या दौऱ्यात त्यांनी स्वाहिली भाषेतील 'मलायका' गाऊन तेथील श्रोत्यांना आपलेसे केले आणि फेलिनी फाइव्ह या तेथील वाद्यवृंदासमवेत थेट कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिकाही काढली.

चित्रपटांचे निमंत्रण

क्लबमधून चित्रपटाकडे नेणारा मार्ग तेव्हा फारसा रुळलेला नव्हता. १९७० मधील 'बॉम्बे टॉकी' या इंग्रजी चित्रपटात शंकर-जयकिशन यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्या गायिल्या. १९७१ साली देव आनंद यांच्या 'हरे रामा हरे कृष्णा' मध्ये राहुलदेव बर्मन यांनी त्यांचा आवाज आशाताई भोसले यांच्या जोडीने वापरला. त्या चित्रपटातील सर्वाधिक गाजलेले 'दम मारो दम' हे गाणे आधी आपल्याही वाट्याला येणार होते, असे उषाताईंनी मुलाखतींतून सांगितले आहे. पण त्याविषयी बोलताना त्यांच्या स्वरात कडवटपणा आढळत नाही. जे मिळाले त्याचे सोने करावे, हा त्यांचा स्वभाव.

राहुलदेव हे जन्माने कोलकात्याचे. त्यांच्या संगीतात पाश्चात्त्य तालवाद्ये आणि भारतीय चाल यांचा जो मिलाफ होता, त्यात हा ढाला आवाज सहज सामावला. 'शालिमार' (१९७८) आणि 'शान' (१९८०) या चित्रपटांतील त्यांची गाणी घरोघरी पोहोचली. त्यापाठोपाठ आला तो डिस्कोचा जमाना आणि बंगालचेच दुसरे सुपुत्र बप्पी लाहिरी. 'प्यारा दुश्मन' (१९८०) मधील 'हरि ओम हरि', 'अरमान' (१९८१) मधील 'रंभा हो' आणि 'डिस्को डान्सर' (१९८२) मधील गाणे यांनी उषा उथुप हे नाव खेड्यापाड्यांतील लग्नाच्या वरातीपर्यंत नेले. नायिकेसाठी या आवाजाचा विचार क्वचितच झाला. तो मुख्यतः क्लबमधील नृत्यासाठी, शीर्षकगीतासाठी राखून ठेवला गेला. तरीही दक्षिणेत इळैयराजा यांनी 'अंजली' (१९९०) मध्ये आणि पुढे ए. आर. रहमान यांनी 'दौड' (१९९७) मध्ये या आवाजातील ऊर्जा नेमकी हेरली.

'अपसंस्कृती'चा आरोप

परंतु ज्या शहराला त्यांनी आपले मानले, त्याच शहरात त्यांच्यावर एक बिकट प्रसंग ओढवला. १९८० च्या दशकात पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार होते. त्या सरकारमधील सार्वजनिक बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी उषा उथुप यांच्या गाण्यावर 'अपसंस्कृती' असा शिक्का मारला आणि शासकीय सभागृहांत त्यांचे कार्यक्रम होण्यास मज्जाव केला.

या बंदीचे गांभीर्य समजून घ्यायचे तर थेट कार्यक्रमांवर चरितार्थ असलेल्या कलावंताच्या भूमिकेत जावे लागेल. सभागृहे बंद म्हणजे उत्पन्नाचा मोठा मार्ग बंद. आणि प्रश्न केवळ गायिकेचा नव्हता. तिच्यामागे गिटार, ड्रम, कीबोर्ड वाजवणारे साथीदार होते, ध्वनिव्यवस्था पाहणारे होते. प्रत्येकाच्या घरी चूल होती. आर्थिक हानीहून जिव्हारी लागणारी होती ती दुसरी गोष्ट. 'तू इथली नाहीस, तुझे गाणे इथले नाही' असेच जणू शासन तिला सांगत होते.

त्या काळातील बंगालच्या भूमिकेचाही विचार करायला हवा. रवींद्रनाथ, नजरुल, शास्त्रीय संगीत आणि लोकसंगीत यांचा सार्थ अभिमान बाळगणाऱ्या समाजाला पाश्चात्त्य थाटाच्या गाण्यांमुळे तरुण पिढी बिघडेल, ही चिंता वाटत होती. १९८६ साली त्याच सरकारच्या काळात सॉल्ट लेक स्टेडियमवर हिंदी चित्रपट कलावंतांचा 'होप ८६' हा भव्य कार्यक्रम झाला, तेव्हाही असाच वाद उसळला होता. संस्कृतीच्या संरक्षणाचा हा आग्रह आपल्याही परिचयाचा आहे. १९४० च्या दशकात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती आणि पुढे ती उठवावी लागली, हा इतिहास मराठी वाचक जाणतातच. ज्याला एकेकाळी असभ्य ठरवले, तीच लावणी आज आपण महाराष्ट्राचे वैभव म्हणून मिरवतो.

उषाताईंपुढे सोपा पर्याय होता. मुंबई जन्मगाव होते, चित्रपटसृष्टी तिथे होती; सामान उचलून परत जाता आले असते. त्या गेल्या नाहीत. त्यांनी रस्त्यावर उतरून घोषणाही दिल्या नाहीत. त्या कोलकाता उच्च न्यायालयात गेल्या आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. शासकीय सभागृहांची दारे पुन्हा उघडली.

या प्रसंगाचे मोल दुहेरी आहे. आपला व्यवसाय सन्मानाने करण्याचा नागरिकाचा हक्क मंत्र्याच्या अभिरुचीवर अवलंबून नसतो, हे त्यातून स्पष्ट झाले. दुसरे असे की, एखाद्या शहराशी आपले नाते खरे आहे की केवळ सोयीचे, याची परीक्षा अशाच वेळी होते. कौतुक होत असताना शहर आपले वाटणे सोपे असते. दार लावून घेतले जात असतानाही तिथेच उभे राहून ते रीतसर ठोठावणे, हे आपलेपणाचे खरे लक्षण.

परीक्षकाच्या खुर्चीत

पुढे दूरचित्रवाणीचे युग आले आणि प्रत्येक भाषेत गायनस्पर्धांचे पेव फुटले. केरळमधील 'आयडिया स्टार सिंगर' या लोकप्रिय मल्याळम कार्यक्रमात उषाताई परीक्षक म्हणून दिसू लागल्या. वर्गाबाहेर काढलेली विद्यार्थिनी आता इतरांच्या आवाजाची पारख करीत होती. आपण फार मोठ्या गायिका नाही, पण अस्सल आहोत, असे त्या स्वतःविषयी वारंवार सांगत आल्या आहेत. स्वतःच्या मर्यादेची इतकी स्वच्छ जाणीव असलेला परीक्षक स्पर्धकांना लाभणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

चित्रपटाच्या पडद्यावरही त्यांनी पाऊल टाकले. 'पोतन वावा' (२००६) या मल्याळम चित्रपटात आणि कमल हासन यांच्या 'मन्मदन अंबु' (२०१०) या तमिळ चित्रपटात त्यांनी भूमिका केल्या. नंतर विशाल भारद्वाज यांच्या 'सात खून माफ' (२०११) मध्ये त्या अभिनेत्री आणि गायिका अशा दोन्ही नात्यांनी सहभागी झाल्या. रस्किन बाँड यांच्या कथेवरील या चित्रपटात 'कलिंका' या रशियन लोकगीताच्या चालीवर बेतलेले 'डार्लिंग' हे गाणे त्यांनी रेखा भारद्वाज यांच्यासमवेत गायिले आणि त्यासाठी दोघींना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपटातील पहिल्या गाण्यानंतर चार दशकांनी हा सन्मान यावा, ही विलंबाची हद्द म्हणावी की सातत्याचा विजय, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच २०११ साली त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

नव्या पिढीशी हातमिळवणी त्यांनी थांबवली नाही. 'रॉक ऑन २' (२०१६) मध्ये शिलाँगच्या समरसॉल्ट या वाद्यवृंदासमवेत त्यांनी खासी भाषेतील शब्द असलेले गाणे गायिले. त्याच वर्षी मदर तेरेसा यांना रोममध्ये संतपद बहाल झाले, त्या निमित्ताने गाण्यासाठी कोलकात्याची ही गायिका तिथे गेली. पार्क स्ट्रीटला २००४ पासून मदर तेरेसा यांचेच नाव देण्यात आले आहे. ज्या रस्त्याने या गायिकेला ओळख दिली, त्याचे नवे नाव आणि रोमचा तो सोहळा एकाच धाग्यात गुंफले गेले.

२०२४ साल त्यांच्यासाठी सुखदुःखाचे मिश्रण घेऊन आले. त्या वर्षी पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला आणि जुलैमध्ये ट्रिंकाजच्या दिवसांपासून सोबत असलेले पती जानी यांचे निधन झाले. त्याच सुमारास, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, मायली सायरस या अमेरिकी गायिकेचे गाणे त्यांनी आपल्या ढंगात गायिले आणि त्याची चित्रफीत मोबाइलवरून देशभर फिरली. रेडिओ सिलोनपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत माध्यमे बदलली. साडी, टिकली आणि खर्जातला सूर तेवढा तोच राहिला.

काउंटरच्या अलीकडे, पलीकडे

ज्या शहरात १८०६ साली बँक ऑफ कलकत्ता स्थापन होऊन देशातील आधुनिक बँकिंगची पायाभरणी झाली, त्या शहरातील या गायिकेची कथा आपल्या व्यवसायालाही काही सांगून जाते. बाईंनी आपला आवाज कोणासाठी बदलला नाही. तो मुळात बदलण्यासारखा नव्हताच. त्यांनी समोरच्याची भाषा मात्र आवर्जून शिकून घेतली. आपले वेगळेपण राखूनही दुसऱ्याचे होता येते, त्यासाठी स्वतःला पुसून टाकावे लागत नाही.

आपल्या शाखेत येणारा ग्राहकही काही आपले भाषण ऐकायला आलेला नसतो. ट्रिंकाजमधील पाहुण्यासारखा तो आपल्याच कामात, आपल्याच विवंचनेत असतो. त्याच्या भाषेतला एक शब्द, नावानिशी केलेली विचारपूस, मागच्या वेळची अडचण ध्यानात असल्याची खूण, एवढ्यावर तो आपला होतो. बदलीच्या गावी रुजू झालेल्या आपल्या सहकाऱ्यांनी आणि नोकरीधंद्यानिमित्त परमुलखात स्थायिक झालेल्या आपल्या ग्राहकांनी हा अनुभव कधी ना कधी घेतलाच असेल. भायखळ्याहून निघालेल्या एका मुलीने तो आयुष्यभर घेतला आणि कपाळावरच्या टिकलीत अभिमानाने मिरवला.